राजम्याची खीर आणि शेतकऱ्याचे चित्र

कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन रिपब्लिक देशात उपवासकाळात लाल राजम्याची गोड खीर करतात. शिजवून गाळलेल्या राजम्यात नारळाचे दूध, साखर, रताळी, दालचिनी, लवंगा घालतात आणि शेजारीपाजारी वाटतात. उपवासात गोडधोड कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते, वाटून खाल्लेल्या घासाने उपवासाला बाध येत नाही.

तेथील चित्रकार कांदिदो बिदो (१९३६–२०११) यांनी साध्या शेतकरी माणसांना चित्रांत मानाचे स्थान दिले. ती चित्रे व ही खीर, दोहोंत आम्हांस शेतकऱ्याच्या कष्टांचा मान दिसतो.

करून पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाकावे, नव्या पाण्यात निदान १० मिनिटे खळखळून उकळावा, मग मऊ शिजवावा. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात.