आठवणीला तारीख हवी

‘आमच्या लहानपणी हा ओढा मे महिन्यापर्यंत वाहायचा’ असे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपण सगळ्यांनीच ऐकलेले असते. ते सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ओढ्याचे पाणी, काठची करंजं, दगडाखालचे खेकडे सगळे पुन्हा उभे राहते. ऐकणारा मात्र ‘जुने ते सोने’ म्हणून हसून सोडून देतो. निसर्गात घालवलेल्या दिवसांची आठवण म्हणजे मनाचा विरंगुळा, असे आपण धरून चाललो आहोत. खरे तर ती साक्ष असते, आणि साक्षीला किंमत यायची तर ती वेळेवर नोंदवावी लागते.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे: आठवणीवर भरवसा काय ठेवायचा? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचा मासला दिला आहे. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि नंतर आठवून सांगायला लावली. सांगताना अनेकांच्या तोंडी सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, कारण ती त्यांच्या ओळखीची होती. आठवण म्हणजे पेटीत जपलेला फोटो नव्हे. प्रत्येक उजळणीत ती थोडी नव्याने घडते. लाडकी आठवण तर सर्वांत जास्त वेळा उगाळली जाते, म्हणजे बदलण्याची संधीही तिलाच जास्त मिळते.

म्हणून आठवण टाकून द्यायची का? तसे केले तर आपण काय गमावतो, हे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 साली एका छोट्या लेखात दाखवले. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात समुद्रात जेवढे मासे पाहते, तेवढेच ‘नेहमीचे’ समजते. पुढची पिढी त्याहून कमी माशांपासून मोजायला लागते, आणि ऱ्हास कुणालाच पुरता दिसत नाही. पॉलींनी तिथे एका सहकाऱ्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली आहे. 1920च्या दशकात डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या कॅटेगाटच्या समुद्रात बांगड्याच्या जातीच्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत मोठमोठे ट्यूना अडकत, आणि त्यांना गिऱ्हाईक नसल्याने आजोबा वैतागत. पुढे त्या समुद्रातून ट्यूना जवळजवळ नाहीसाच झाला. आजोबांचा वैताग हाच तिथल्या सुबत्तेचा दाखला ठरला.

आठवण हवी, पण तिच्यावर आंधळा विश्वास नको, या पेचातून वाट आहे ती तारखेची. अमेरिकेतल्या काँकॉर्ड गावी हेन्री डेव्हिड थोरो यांनी 1850च्या दशकात कोणते रानफूल कधी उमलले, याची टिपणे ठेवली. दीडशे वर्षांनी रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आजच्या फुलोऱ्याशी ताडून पाहिली, तेव्हा बहर सरासरी आठवडाभर अलीकडे आल्याचे दिसले. जपानमधल्या क्योतोत चेरीच्या बहराच्या नोंदी जुन्या रोजनिशांतून बाराशे वर्षे मागे जातात. म्हणूनच 2021 सालचा 26 मार्चचा पूर्ण बहर तोवरच्या नोंदींतला सर्वांत लवकरचा होता, हे ठामपणे सांगता आले. त्या रोजनिशा लिहिणाऱ्यांना हवामानबदल ठाऊक नव्हता; त्यांना फुलांचे कौतुक होते.

तारखा टिपत बसलो तर आनंदच आटेल, हा दुसरा आक्षेप. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ वाचणाऱ्याला तो पटणार नाही. महिन्यामागून महिना झाडांची बदलती रूपे त्यात इतक्या नेमकेपणाने आली आहेत, की तपशील हाच तिथला रस आहे. तेव्हा मोहोर कधी आला, पावशा कधी ओरडला, ओढा कधी आटला, हे कॅलेंडरच्या चौकटीत दोन शब्दांत लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी कुणी ‘आमच्या लहानपणी’ म्हणेल, तेव्हा ऐकणाऱ्याला हसण्याआधी ते कॅलेंडर उघडून पाहता येईल.