मिडीची लिपी आणि वाद्याचा नाद

घरच्या संगणकावर संगीतरचना करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते : स्वर अचूक उमटतात, परंतु वाद्य खोटे वाटते. या तक्रारीचे मूळ 'मिडी' या व्यवस्थेच्या स्वरूपातच आहे. १९८३ साली प्रसृत झालेली ही व्यवस्था ध्वनी वाहून नेत नाही. कोणती पट्टी केव्हा व किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच ती अंकांनी कळविते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर मिडी ही लिपी होय, उच्चार नव्हे. 'चार' आणि 'चारा' या शब्दांतील च एकाच अक्षराने लिहिला जातो. पहिला तालव्य आणि दुसरा दंततालव्य, हे भाषा अवगत असलेल्या वाचकालाच कळते. संगणकात वाचकाचे हे काम ध्वनिसंच करतो. अर्थात सुधारणेचे मार्ग दोन : वाचक बदलणे आणि लेखन अधिक सूक्ष्म करणे.

प्रथम वाचकाचा विचार करू. 'जनरल मिडी' या १९९१ च्या संकेताने १२८ वाद्यांची क्रमवार यादी ठरवून दिली. तीत १०५ वे वाद्य सतार व ११२ वे सनई आहे. यादीने नाव निश्चित केले, नाद नव्हे. म्हणून एकच रचना दोन यंत्रांवर अगदी निराळी ऐकू येते. संगणकाबरोबर आलेला संच सामान्यतः लहान असतो. त्याऐवजी 'साउंडफाँट' स्वरूपातील मोठा संच 'फ्लुइडसिंथ'सारख्या विनामूल्य प्रणालीतून वाजविला, तर मूळ रचनेतील एकही अंक न बदलता फरक पडतो. मात्र संच निवडताना एक कसोटी लावावी. एकच ध्वनिमुद्रित नमुना अनेक पट्ट्यांवर ताणला असेल, तर स्वराबरोबर वाद्याची अनुनादक्षेत्रेही सरकतात आणि, वेगाने फिरविलेल्या ध्वनिफितीतील प्रौढाचा आवाज बालकासारखा वाटावा, तशी विकृती येते. दर तीन-चार पट्ट्यांना स्वतंत्र नमुना असलेला संच म्हणूनच श्रेयस्कर.

लेखनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आघाताचा जोर १ ते १२७ या अंकांनी लिहितात. पियानोच्या बाबतीत ही माहिती मोलाची. पेटीच्या बाबतीत ती जवळजवळ गैरलागू. पेटीचा आवाज पट्टीवरील आघाताने नव्हे, तर भात्यातील हवेच्या दाबाने कमीअधिक होतो. पेटी लिहिताना आघाताचा अंक सर्वत्र सारखा ठेवावा आणि भात्याचा चढउतार ११ क्रमांकाच्या 'एक्स्प्रेशन' नियंत्रकाने सलग रेखाटावा. सनईचा प्राण मींड. तिच्यासाठी असलेल्या 'पिच बेंड' आज्ञेत १६,३८४ पायऱ्या आहेत. परंतु तिचा रूढ पल्ला काळ्या-पांढऱ्या मिळून वर दोन व खाली दोन पट्ट्यांचाच असल्याने लांब मींडेसाठी तो वाढवावा लागतो. शिवाय ही आज्ञा संपूर्ण वाहिनीला लागू होते. सनई व सूर एकाच वाहिनीवर ठेवले, तर मींडेबरोबर आधारषड्जही ढळतो. वाहिन्या १६ आहेत. प्रत्येकास स्वतंत्र वाहिनी द्यावी.

तथापि जे वाद्य यादीतच नाही, त्याचे काय ? जालना जिल्ह्यात, अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या परिसरात काय किंवा तुळजापूरची भवानी व माहूरची रेणुका यांना कुलदैवत मानणाऱ्या घरांत काय, गोंधळ म्हटला की संबळ आणि तुणतुणे आलेच. जनरल मिडीच्या तालवाद्यांत, दहाव्या वाहिनीवर, बोंगो, कोंगा व टिंबाले आहेत. संबळ नाही, तबलाही नाही. संबळाच्या जागी कोंगा योजला तर लय राहते, बोल जातात. काड्यांच्या आघाताने उमटणारा लहान भांड्याचा टणत्कार आणि मोठ्या भांड्याचा खर्ज यांतील भेद हीच त्या वाद्याची भाषा होय.

येथे उपाय एकच, संच स्वतः तयार करणे. आणि या कामी क्षेत्रीय भाषाभ्यासाची पद्धती थेट उपयोगी पडते. प्रथम संबळवादकाला विचारावे की कोणते आघात तो भिन्न मानतो. त्याला भिन्न वाटणारे आघात हे स्वनिम. प्रत्येकास स्वतंत्र पट्टी द्यावी. एकच बोल पुनःपुन्हा वाजविताना पडणारे सूक्ष्म फरक ही स्वनांतरे; ती निराळ्या पट्ट्यांवर न मांडता एकाच पट्टीवर आळीपाळीने वाजतील अशी योजावी. 'एसएफझेड' या साध्या मजकुरात लिहिल्या जाणाऱ्या स्वरूपात ही सोय आहे. प्रत्येक बोल मंद, मध्यम व जोरकस अशा तीन पातळ्यांवर, प्रत्येकी तीन-चार वेळा, शांत खोलीत मुद्रित करावा. आघाताचा आरंभ छाटू नये, कारण वाद्याची ओळख प्रामुख्याने तेथेच पटते. नाद विरेपर्यंत मुद्रण थांबवू नये. वादकाची संमती घेऊन, त्याने सांगितलेले बोलाचे नाव त्याच्याच उच्चारात नोंदवावे. असा संच वाजविण्यास उपयोगी पडतोच, शिवाय त्या वाद्याचा कोशही ठरतो.

२०२० मध्ये स्वीकृत झालेल्या 'मिडी २.०' या नव्या संकेतात आघाताच्या १२७ पायऱ्यांच्या जागी ६५ हजारांहून अधिक पायऱ्या आल्या. लिपी अधिक समर्थ झाली, यात शंका नाही. परंतु अक्षरे वाढविल्याने उच्चार अवगत होत नाही. तो ज्याच्या हाती आहे त्याच्यापाशी बसूनच टिपावा लागतो. संबळापुरते हे काम गोंधळ्यांच्या घरीच व्हावयाचे आहे.