हिवरखेडपर्यंत पोचणारा बिनतारी आवाज

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. उत्तरेस मेळघाटचे अरण्य, तर परिसरात वाण नदीवरील वारी भैरवगडचे धरण. वणवा असो, पूर असो वा गावातील तंटा असो, मदतीच्या आधी वार्ता पोचावी लागते. हे काम बिनतारी यंत्रणा करीत आली आहे.

1946 मध्ये राज्याराज्यांच्या पोलीस बिनतारी यंत्रणांत एकसूत्रता आणण्यासाठी केंद्रात समन्वय संचालनालय स्थापन झाले. 1956 मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. कारभाराचे केंद्र नागपूरहून मुंबईस गेले, तशी संदेशवहनाची निकड वाढली. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी विभागाचे मुख्यालय पुणे येथे आहे.

प्रारंभी लांब पल्ल्याचे संदेश 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या उच्च कंप्रता लहरींवरून, मोर्सच्या बिंदू-रेषांत जात. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूर पोचतात. परंतु दिवस-रात्र व ऋतू यांनुसार त्यांची साथ बदलते. जिल्ह्यांतर्गत संभाषणासाठी पुढे 30 ते 300 मेगाहर्ट्झच्या अतिउच्च कंप्रता लहरी रूढ झाल्या. त्यांवर आवाज स्पष्ट येतो, मात्र त्या बहुधा सरळ रेषेत जातात व डोंगर आड आला की अडतात. म्हणून उंच जागी 'रिपीटर' बसवितात. तो क्षीण संदेश ग्रहण करून नव्या जोमाने पुढे धाडतो.

दूरध्वनीवर एक बोलतो व एकच ऐकतो. बिनतारीवर एक बोलतो व त्या कंप्रतेवरील सर्वजण ऐकतात. हेच तिचे खरे बळ. तारा तुटल्या वा भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडले, तरी बॅटरीवर ती चालू राहू शकते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचे नियोजन हाती घेण्यात आले, त्यात संपर्कव्यवस्थेला म्हणूनच महत्त्व मिळाले.

2021 पासून राज्यात 112 हा एकच आपत्कालीन क्रमांक सुरू झाला. नागरिकाची हाक दूरच्या राज्य केंद्रात घेतली जाते, तेथून जिल्हा नियंत्रण कक्षास व जवळच्या पोलीस वाहनास ती कळविली जाते. येथे एक अडचण ध्यानी घेतली पाहिजे. हिवरखेड नावाचे गाव अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातही आहे. वऱ्हाडात अशी सारख्या नावांची गावे पुष्कळ. संकटग्रस्ताने केवळ गावाचे नाव सांगितले, तर ठिकाण नक्की करण्यात मोलाचा वेळ जातो.

यंत्र कितीही प्रगत झाले, तरी पहिला शब्द माणसाचाच असतो. जिल्हा, तालुका, गाव, ओळखीची खूण, काय घडले व कोणती मदत हवी, या क्रमाने माहिती सांगण्याचा सराव शिक्षकांनी शाळेत, तर लोकप्रतिनिधींनी सभेत करून घ्यावा. यासाठी निधीची गरज नाही. आणि बिकट प्रसंगी त्यामुळे वाचलेली काही मिनिटे एखाद्याचे प्राण वाचवू शकतील.