सण साजरे करूया झाडापाशी जाऊन

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुलतान बाजारात किंवा काचीगुड्याला फेरी मारली, की आपट्याच्या नावाने विकायला ठेवलेले डहाळ्यांचे ढीग दिसतात. त्यात बऱ्याचदा कांचनाच्या फांद्याच जास्त असतात. आपण घाईत एक जुडी घेतो, संध्याकाळी 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी ती पानं कचऱ्यात जातात. या सगळ्यात आपट्याचं झाड मात्र घरातल्या कोणीच पाहिलेलं नसतं.

मुळात सीमोल्लंघन म्हणजे गावाची वेस ओलांडून झाडापर्यंत जाणं. शमीची पूजा व्हायची आणि येताना चार पानं हातात असायची. आपले बहुतेक सण असेच ऋतूप्रमाणे माणसाला एखाद्या झाडापाशी किंवा पाण्यापाशी नेणारे आहेत. शहरात आल्यावर आपण जाणं सोडलं आणि फांद्या घरी मागवायला लागलो. हैदराबादेत मात्र जाण्याची ही वाट पुन्हा धरणं सोपं आहे, कारण आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचं पंचांगही त्याच झाडांभोवती फिरतं.

चैत्र : कडुनिंब

पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. आपण गुढीला कडुनिंबाचा डहाळा बांधतो, शेजारी उगादी पच्चडीत कडुनिंबाचा मोहोर घालतात. पण गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२१ च्या पावसाळ्यानंतर, तेलंगणात ठिकठिकाणी कडुनिंब शेंड्याकडून वाळताना दिसले. हा एका बुरशीमुळे होणारा रोग आहे, त्याला 'डायबॅक' म्हणतात. झाड मेलं असं समजून अनेकांनी ते तोडायला काढलं. प्रत्यक्षात अशी बरीच झाडं उन्हाळ्यात पुन्हा पालवतात. तुमच्या सोसायटीतला कडुनिंब वाळल्यासारखा दिसला, तर कुऱ्हाड आणण्याआधी वाळक्या फांद्या छाटा आणि पुढच्या चैत्रापर्यंत वाट पाहा.

ज्येष्ठ : वड

वटपौर्णिमेच्या दिवशीच तेलंगणातले शेतकरी 'एरुवाक पौर्णमी' पाळतात. त्या दिवशी बैलांची, औतांची पूजा करून नांगरणीला सुरुवात होते. आपल्याकडे मात्र त्या दिवशी बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या येतात. दीर्घायुष्य मागायचं आणि त्यासाठी वडाचीच फांदी तोडायची, हे काही पटत नाही. झाड दूर असेल तर पाटावर वडाचं चित्र काढून पूजा करण्याची पद्धत अनेक घरांत आहेच.

आणि वड पाहायचाच असेल, तर हैदराबाद–विजापूर रस्त्याने चेवेल्लाच्या बाजूला जा. तिथे रस्त्याच्या दुतर्फा सुमारे ९०० जुने वड आहेत. रस्ता रुंद करताना त्यांचं काय करायचं, हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. झाडं वाचावीत म्हणून शहरातली माणसं वर्षानुवर्षं झटत राहिली. वडाची पिकली फळं मैना, कोकीळ, तांबट अशा कितीतरी पक्ष्यांचं अन्न असतात. एक वड गेला, तर एवढ्या जणांचं ताट उचललं जातं.

भाद्रपद : पाणी

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. त्यात हजारो माणसं गेली. अफजलगंजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचं झाड आजही उभं आहे. त्याच्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली, असं सांगतात. गौलीगुडा, कोठीच्या आपल्या जुन्या वस्तीपासून ते फार लांब नाही, तरी आपल्यातल्या किती जणांनी पाहिलं आहे? त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला गेला आणि पुढे गंडीपेटचा उस्मानसागर व त्याच्याजवळचा हिमायतसागर बांधले गेले.

शहरातला हुसेनसागर तर सोळाव्या शतकातला, कुतुबशाही काळातला. तिथे पीओपीच्या मूर्तींचं विसर्जन करायला तेलंगण उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मनाई केली. प्लॅस्टर पाण्यात सहज विरघळत नाही, तळाशी साचून राहतं. बाजारात 'मट्टी गणपती' म्हणून साध्या मातीची मूर्ती मिळते. ती घरच्या बादलीत विरघळते आणि ती माती तुळशीच्या कुंडीत घालता येते.

आश्विन : माळावरची फुलं आणि शमी

आपल्या मुली भोंडल्याचा फेर धरतात, त्याच दिवसांत शेजारी बतुकम्मा रचली जाते. तिच्यातलं 'गुनुगु' म्हणजे आपला कुरडू आणि पिवळं 'तंगेडु' म्हणजे तरवड. तरवड हे तेलंगणाचं राज्यफूल आहे. दोन्ही पडीक माळावर आपोआप उगवतात. माळ संपले की फुलंही संपतात, म्हणून मोकळ्या जागेतलं सगळंच 'तण' म्हणून उपटू नये.

दसऱ्याला तेलंगणात 'जम्मी' म्हणजे शमीची पानं सोनं म्हणून देतात. शमी हा इथला राज्यवृक्ष. त्या दिवशी 'पालपिट्टा' म्हणजे नीलकंठ पक्षी दिसणं शुभ मानतात. तो राज्यपक्षी आहे. पण काही जण त्याला पकडून, पिंजऱ्यात घालून पैसे घेऊन दाखवतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. अशा पिंजऱ्यासमोर पैसे देऊ नका. मोकळ्या माळावर तारेवर बसलेला नीलकंठ दिसला, तर तेच खरं दर्शन.

या दसऱ्याला एवढंच करूया. घरातल्या मुलांना, नातवंडांना घेऊन जवळच्या एखाद्या शमीपाशी जाऊया. अनेक मंदिरांच्या आवारात ती असते. पुजाऱ्यांना किंवा शेजारच्या तेलुगू आजींना विचारलंत तर त्या नक्की दाखवतील. झाडाला पाणी घालूया, खाली पडलेली चार पानं उचलूया आणि तेच सोनं वाटूया. वेस ओलांडून झाडापर्यंत गेलो, की सीमोल्लंघनही होईल आणि मुलांना झाडाची ओळखही.