मेंटरिंग कार्यक्रमाचा प्रभाव: सहभागींच्या सर्वेक्षणातून काय कळते आणि काय कळत नाही

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:
• सहभागींचे समाधान आणि कार्यक्रमाचा प्रभाव यांतील फरक सांगणे
• सर्वेक्षणाची वेळ, गट आणि प्रश्न ठरवणे
• सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून चुकीचा निष्कर्ष कसा निघतो, हे ओळखणे

1. प्रस्तावना

समजा, तुम्ही एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप करत आहात. पहिल्याच दिवशी तुम्हाला एक अनुभवी मेंटर नेमून दिला गेला. शेवटच्या आठवड्यात एक फॉर्म येतो. त्यात प्रश्न असतो, ‘मेंटरिंग कार्यक्रम तुम्हाला उपयुक्त वाटला का?’ मेंटरने आपुलकीने वागवले होते, म्हणून तुम्ही ‘होय’वर खूण करता. इतर मेंटीही तेच करतात. मग अहवालात लिहिले जाते की बहुसंख्य सहभागींना कार्यक्रम उपयुक्त वाटला. या उत्तरांच्या आधारे पुढच्या वर्षी कार्यक्रमाला पैसा मिळतो, किंवा तो बंद होतो.

परंतु ‘उपयुक्त वाटला’ आणि ‘उपयोग झाला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले विधान भावना सांगते, दुसरे बदल सांगते. हा फरक ध्यानात ठेवून सर्वेक्षण कसे आखावे, हे आपण या घटकात पाहू.

2. नेमके काय मोजायचे?

कॅथी क्रॅम यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मेंटरिंगच्या कार्यांचे दोन गट केले आहेत. पहिला गट कारकिर्दीशी संबंधित आहे. मेंटीची शिफारस करणे, त्याचे काम वरिष्ठांच्या नजरेस आणणे, कौशल्ये शिकवणे, अडचणीत पाठराखण करणे आणि आव्हानात्मक काम मिळवून देणे ही कार्ये त्यात येतात. दुसरा गट मनोसामाजिक आहे. आदर्श घालून देणे, मेंटीला स्वीकारणे, समुपदेशन आणि मैत्री यांचा त्यात समावेश होतो. ‘मेंटरिंग कसे वाटले?’ असा एकच प्रश्न विचारला, तर यांपैकी काय मिळाले आणि काय राहून गेले हे कळत नाही.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेली प्रशिक्षण मूल्यमापनाची चौकटही येथे उपयोगी पडते. तिच्या चार पातळ्या अशा:
• प्रतिक्रिया: सहभागींना कार्यक्रम कसा वाटला?
• शिक्षण: ते काय शिकले?
• वर्तन: कामाच्या पद्धतीत काय बदलले?
• परिणाम: संस्थेला काय मिळाले?

बहुतेक फॉर्म पहिल्या पातळीवरच थांबतात. सर्वेक्षणातून दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीची माहिती काही अंशी मिळू शकते. चौथ्या पातळीसाठी मात्र नोंदींचा आधार घ्यावा लागतो, उदा. किती जणांनी नोकरी सोडली, किती जणांना बढती मिळाली.

टॅमी ॲलन, लिलियन ईबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. पगार आणि बढती यांच्याशी मेंटरिंगचा संबंध त्यांना क्षीण आढळला. कारकिर्दीविषयीचे समाधान आणि तत्सम बाबींशी तो त्या मानाने अधिक ठळक होता. म्हणजे आपण काय मोजतो, यावर उत्तर अवलंबून असते.

3. एक महत्त्वाचा धडा: केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास

हा अभ्यास कार्यालयातील नाही. परंतु मार्गदर्शनाचे मूल्यमापन करणाऱ्या प्रत्येकाने तो जाणून घ्यावा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 1939 मध्ये मुलांना गुन्हेगारीपासून दूर ठेवण्यासाठी एक कार्यक्रम सुरू झाला. एकमेकांशी साम्य असलेल्या मुलांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील कोणाला मदत द्यायची हे नाणेफेक करून ठरवले गेले. निवडलेल्या मुलांना अनेक वर्षे समुपदेशकांचे मार्गदर्शन मिळाले.

जोन मॅकॉर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनी या सर्वांचा मागोवा घेतला आणि 1978 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी प्रश्नावलीला उत्तर दिले, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश जणांनी कार्यक्रमाचा फायदा झाला असे सांगितले. मात्र न्यायालये, रुग्णालये इत्यादींच्या नोंदी तपासल्यावर मदत मिळालेला गट दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरला नाही. काही बाबतींत, उदा. पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात, तो अधिक वाईट स्थितीत होता.

ही माणसे खोटे बोलत नव्हती. समुपदेशक आपल्यासाठी झटले, हे त्यांना आठवत होते. पण मदत मिळाली नसती तर आपले काय झाले असते, हे कोणालाच स्वतःच्या अनुभवातून सांगता येत नाही. ते कळण्यासाठी तुलना लागते.

4. आधी आणि नंतर: तीच माणसे

तुलनेची पहिली पायरी म्हणजे कार्यक्रमापूर्वी आणि कार्यक्रमानंतर तेच प्रश्न विचारणे. येथे एक सापळा आहे. समजा, पाच मेंटींनी ‘मी वरिष्ठांसमोर माझे मत मांडू शकतो’ या विधानाला सुरुवातीला 2, 2, 3, 4, 4 असे गुण दिले. सरासरी 3.0 आली. सहा महिन्यांनंतर 2 गुण देणाऱ्या दोघांनी फॉर्मच भरला नाही. उरलेल्यांनी पूर्वीचेच 3, 4, 4 गुण दिले. आता सरासरी 3.67 येते. एकाही व्यक्तीत बदल झालेला नाही, तरी आलेख वर गेला.

म्हणून प्रत्येक सहभागीला सांकेतिक क्रमांक द्यावा आणि दोन्ही वेळा उत्तर देणाऱ्यांचीच तुलना करावी. उत्तर न देणाऱ्यांची संख्याही अहवालात नमूद करावी. 60 मेंटींपैकी 36 जणांनी फॉर्म भरला आणि त्यांतील 30 समाधानी असतील, तर ‘83 टक्के समाधानी’ हे विधान अपुरे आहे. एकूण मेंटींपैकी निम्मेच समाधानी असल्याचे आपल्याला ठाऊक आहे. उरलेल्यांपैकी 24 जण गप्प आहेत.

5. तुलना गट

नवीन कर्मचारी सहा महिन्यांत मेंटरशिवायही बरेच शिकतो. समजा, मेंटर असलेल्या गटाची सरासरी 2.8 वरून 3.7 झाली आणि मेंटर नसलेल्या गटाची 2.8 वरून 3.4. पहिल्या गटातील वाढ 0.9 आणि दुसऱ्यातील 0.6. म्हणून कार्यक्रमाच्या खाती जास्तीत जास्त 0.3 इतकीच वाढ मांडता येईल.

तीही केव्हा? दोन्ही गट मुळात सारखे असतील तेव्हाच. कार्यक्रम ऐच्छिक असेल, तर हौशी आणि महत्त्वाकांक्षी कर्मचारी आधी नाव नोंदवतात. ते मेंटरशिवायही पुढे गेले असते. यावर सोपा उपाय म्हणजे, जागांपेक्षा अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून निवड करणे. ज्यांचा क्रमांक पुढच्या तुकडीत लागेल, ते तोपर्यंत तुलना गट ठरतात. कोणावर कायमचा अन्यायही होत नाही.

6. बदलणारी मोजपट्टी

रुजू होताना एक तरुणी ‘ग्राहकाच्या तक्रारी हाताळणे’ या कौशल्यात स्वतःला 4 गुण देते. सहा महिन्यांत ते काम किती अवघड आहे, हे तिला मेंटरमुळे समजते. ती आता स्वतःला 3 गुण देते. आकडा घसरला, पण तिची समज वाढली. याला प्रतिसाद-स्थानांतर म्हणतात.

अशा वेळी शेवटच्या फॉर्ममध्ये ‘आज तुम्ही कुठे आहात?’ आणि ‘आजच्या समजुतीनुसार तेव्हा कुठे होतात?’ असे दोन प्रश्न विचारावेत. मात्र आठवण सोयीस्करपणे बदलते, म्हणून मूळ सुरुवातीची उत्तरेही जपून ठेवावीत.

7. प्रश्न आणि विश्वास

‘मेंटरने वेळ दिला आणि योग्य सल्ला दिला’ हे विधान दोन गोष्टी एकत्र विचारते. वेळ दिला पण सल्ला निरुपयोगी होता, तर खूण कुठे करायची? असे विधान तोडून दोन करावेत. मोघम प्रश्नाऐवजी घडलेली कृती विचारावी: ‘गेल्या चार आठवड्यांत मेंटरशी किती वेळा बोलणे झाले? त्यातून शिकलेली कोणती गोष्ट तुम्ही कामात वापरली?’

उत्तर कोण वाचणार, हेही महत्त्वाचे आहे. मेंटरच जर साहेब असेल आणि फॉर्मवर नाव लिहायचे असेल, तर खरे उत्तर मिळण्याची आशा सोडावी. एखाद्या विभागात तीनच मेंटी असतील, तर त्या विभागाचे निकाल वेगळे छापू नयेत, कारण कोण काय म्हणाले हे लगेच ओळखू येते. अनेक राज्यांत शाखा असलेल्या संस्थेने प्रश्नावली कर्मचाऱ्यांच्या भाषेत द्यावी. भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत परत करून घ्यावे आणि अर्थ ढळला नाही ना, हे पाहावे.

सारांश

सहभागींचे सर्वेक्षण टाकाऊ नाही. मेंटर भेटला का, भीती कमी झाली का, हे सहभागीच सांगू शकतो. परंतु त्या उत्तराला प्रभावाचा पुरावा म्हणायचे असेल, तर आधीचे मोजमाप, तुलना गट, गप्प राहिलेल्यांचा हिशेब आणि संस्थेच्या नोंदी यांची जोड हवी. पुढच्या वेळी असा फॉर्म तुमच्या हाती आला, की तो कोणत्या पातळीवर थांबतो ते पाहा.

स्वाध्याय

1. मेंटर असलेल्या गटाची सरासरी 3.1 वरून 3.9 आणि मेंटर नसलेल्या गटाची 3.0 वरून 3.7 झाली. कार्यक्रमाशी जोडता येणारी वाढ किती? हा निष्कर्ष काढण्यापूर्वी कोणती माहिती मागाल?
2. ‘माझा मेंटर अनुभवी, प्रेमळ आणि वेळेवर उपलब्ध होता’ या विधानातील दोष सांगून ते नव्याने लिहा.
3. तुमच्या महाविद्यालयातील एखाद्या मार्गदर्शन उपक्रमासाठी कर्कपॅट्रिक यांच्या प्रत्येक पातळीवरील एक प्रश्न किंवा नोंद सुचवा.