नोंदी खुल्या केल्याने श्रेय बुडते काय?

सातारा, कऱ्हाड आणि सांगली येथील संशोधकांनी एकत्र येऊन आपली मोजमापे, मूळ नोंदी व कार्यपद्धती सर्वांना तपासता आणि वापरता येतील अशा ठेवाव्यात, असा विषय निघाला की एकच हरकत पुनःपुन्हा पुढे येते : डेटा उघडा केला की दुसराच कोणी त्यावर निबंध लिहून मोकळा होईल आणि वर्षानुवर्षे राबणाऱ्याच्या पदरी काही उरणार नाही. ज्याच्यामागे मोठी प्रयोगशाळा नाही, त्याची ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु ती सिद्ध सत्य म्हणून विद्यार्थ्यांच्या गळी उतरवली जावी, हे सहन होत नाही, कारण तिचे खंडन करणारा पुरावा सातारा जिल्ह्यातच आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना परिसरात सुमारे 6.3 रिश्टरचा भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या आतील गॅलरीत बसवलेल्या प्रवेगमापकाने त्या हादऱ्याची संपूर्ण नोंद टिपली. कमाल प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे 0.63 पट भरला. 103 मीटर उंचीच्या त्या धरणाला पायापासून सुमारे 66 मीटरवर, जेथे मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो, त्या पातळीच्या आसपास आडव्या भेगा पडल्या. ही नोंद दप्तरात कुलूपबंद राहिली नाही, म्हणूनच चोप्रा आणि चक्रबर्ती यांना 1973 मध्ये त्या भेगांची गणिती मीमांसा प्रसिद्ध करता आली, आणि काँक्रीटच्या धरणांची गणिते पारखण्यासाठी जगभरचे अभियंते आजही कोयनेचाच दाखला घेतात. यात मूळ संशोधकांचे काय बुडाले? खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातील गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कोयनेवरील निबंध जलाशयप्रेरित भूकंपांच्या चर्चेत आजही उद्धृत होतात.

श्रेय बुडते ते अंधारात : विश्वासाने खाजगीत दिलेल्या कागदाला ना तारीख असते, ना साक्षीदार. उलट सार्वजनिक भांडारात नाव, तारीख आणि कायम क्रमांकासह ठेवलेली नोंद हा अग्रक्रमाचा दस्तऐवजच होय; 1991 पासून ‘आर्काइव्ह’वर लेख ठेवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांची हीच वहिवाट आहे.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकालात काढू.

खुले म्हणजे अपरीक्षित? ‘करंट सायन्स’ कोणालाही विनामूल्य वाचता येते, आणि त्यातील संशोधनलेख तज्ज्ञांकडून तपासलेले असतात.

लेखकाला पैसे भरावेच लागतात? लेखकाकडून शुल्क न घेणारी खुली नियतकालिके जगात हजारो आहेत.

2025 मध्ये सुरू झालेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ म्हणजेच खुले विज्ञान? नव्हे, तेथे सरकार वर्गणी भरते आणि नियतकालिके नोंदणीकृत संस्थांपुरती वाचता येतात. संस्थेबाहेरचा शेतकरी वा शिक्षक दाराबाहेरच राहतो.

सर्वच उघड करावे लागते? युनेस्कोच्या 2021 च्या शिफारशीत न्याय्य अपवादांना वाव आहे. रुग्णाचे नाव, किंवा कास पठारावरील दुर्मिळ कंदीलपुष्पाची नेमकी जागा, गुप्त ठेवणेच इष्ट.

एकस्व मिळत नाही? मिळते, मात्र आधी अर्ज दाखल करावा, मग प्रसिद्धी.

तेव्हा समुदाय उभारायचा तर भाषणांनी आरंभ करू नये. ज्येष्ठ प्राध्यापकांनी स्वतःच्या एका प्रसिद्ध निबंधामागील नोंदी प्रथम खुल्या कराव्यात, आणि दुसऱ्याच्या नोंदी वापरणाऱ्याने संग्राहकाचा नामनिर्देश केल्याविना निबंध पाठवू नये, असा नियम सर्वांनी एकमताने मंजूर करावा. एवढे झाले की तरुण संशोधकांना निराळे आश्वासन द्यावे लागणार नाही.