पुरावा मागणारे शास्त्री

केळशीला भारजा नदी समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या तोंडाशी वाळूची एक टेकडी आहे. महालक्ष्मीच्या चैत्रातल्या उत्सवाला किंवा याकूबबाबांच्या दर्ग्याला येणारी माणसे तिच्याकडे सहसा वळत नाहीत. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी ही टेकडी अभ्यासकांच्या नजरेला आणून दिली. तिच्या कापलेल्या कडेत एक निराळा थर दिसतो. वाऱ्याने साचलेल्या वाळूच्या मध्येच समुद्राने आणून टाकलेला गाळ, आणि त्यात माणसाच्या वस्तीच्या खुणा. २०२१ साली सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थराचा संबंध १५२४ सालच्या त्सुनामीशी जोडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्या वर्षी सप्टेंबरात वास्को द गामाचा काफिला दाभोळसमोर असताना, पहाटेच्या वेळी, वाऱ्याचे काही कारण नसताना जहाजे एकाएकी हेलकावू लागली. खलाशांची गाळण उडाली. तेव्हा गामाने, भिऊ नका, हा समुद्रच आपल्याला भिऊन कापतो आहे, अशा अर्थाचे काही सांगून त्यांना धीर दिला, असे पोर्तुगीज बखरकार लिहून गेले आहेत.

लिहिलेली साक्ष आणि जमिनीतली खूण अशी एकमेकींना भेटते तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाला होणारा आनंद मोठा असतो. पण केळशीचा थर नेमके काय सिद्ध करतो? लाट आली, एवढे. ती गामाला भिऊन आली की नाही, याबद्दल वाळू काही बोलत नाही.

जुने मिशनरी आणि त्यांना उत्तरे देणारे शास्त्री यांची चोपडी मी बरीच वर्षे जमवतो आणि वाचतो आहे. त्या सगळ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. एखादी घटना घडली याचा पुरावा इतिहास देऊ शकतो, पण त्या घटनेत ईश्वर होता याचा पुरावा तो देऊ शकतो का? ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत हा प्रश्न मराठी माणसांनी एकोणिसाव्या शतकात जितक्या चिकाटीने विचारला, तितका आज कोणी विचारत नाही. आणि या वादातली काही सुरुवातीची ठाणी केळशीच्या दोन्ही अंगांना होती. उत्तरेला बाणकोट, दक्षिणेला हर्णै.

१८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल मुंबईत उतरले. पेशवाई बुडून पाचच वर्षे झाली होती, तेव्हा पुण्यात मिशनरी नेऊन बसवायला कंपनी सरकार तयार नव्हते. बाणकोट मात्र १७५६ पासून इंग्रजांकडे होते. म्हणून कोकण. मिचेल त्याच वर्षी वारले. मागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै इथून शाळा चालवल्या, बाजारांतून आणि देवळांच्या आवारांतून प्रवचने केली. रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली आले आणि मराठी इतके उत्तम शिकले की, पडद्याआडून ऐकणाऱ्याला बोलणारा परका आहे हे कळणार नाही, अशी त्यांची ख्याती झाली. १८२९ साली जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट याच किनाऱ्यावर मराठीचे धडे घेत होते. पुढे मुंबईत ज्यांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले ते हेच विल्सन. कोकणात धर्मांतरे जवळजवळ झालीच नाहीत, आणि काही वर्षांत मिशनने आपला मुक्काम मुंबई-पुण्याकडे हलवला.

या मंडळींच्या सामानात विल्यम पेली या इंग्रज धर्मपंडिताची शिकवण होती. ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवरचा त्याचा १७९४ सालचा ग्रंथ त्या काळी विद्यापीठांत आणि मिशनच्या वर्गांत पाठ्यपुस्तकासारखा चाले. त्याची मांडणी कोर्टातल्या वकिलासारखी आहे. येशूचे चमत्कार आणि पुनरुत्थान पाहिल्याचे सांगणारे साक्षीदार होते, त्यांनी ते सांगण्यापायी हालअपेष्टा सोसल्या, तरी साक्ष फिरवली नाही, त्यांना त्यातून लाभ काहीच नव्हता, तेव्हा साक्ष खरी धरली पाहिजे. डेव्हिड ह्यूमने १७४८ सालीच याला उलटा प्रश्न घातला होता. सृष्टिनियम मोडला हे अधिक संभवनीय, की साक्षीदार चुकला हे? पेलीचा सारा खटाटोप त्या प्रश्नाला उत्तर म्हणून होता.

कोकणातल्या माणसाला ही तऱ्हा समजायला जड नव्हती. खोतीच्या दाव्यात वहिवाट साक्षीदारांनी शाबीत होते. जमीन कोण कसत होता, फणस कोण उतरवत होता, हे गावकरी सांगू शकतात. हक्क कुठून आला ते सांगायला मात्र सनद लागते, आणि ती साक्षीदाराच्या तोंडून निघत नाही. मिशनऱ्यांचे म्हणणे, आमच्याकडे वहिवाटीचे साक्षीदार आहेत, म्हणजे सनदही आमचीच. शास्त्र्यांनी बोट ठेवले ते याच सांध्यावर.

मुंबईतले जाहीर वाद सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत फार रेंगाळत नाही. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी विल्सनशी वाद केला आणि आपली बाजू ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ या नावाने छापली. विल्सनने पुढल्या वर्षी इंग्रजी खंडन काढले, तेव्हा दांडेकरांच्या पुस्तिकेचे भाषांतर त्यात आधी छापले आणि उत्तर नंतर. विल्सनची हिंदू धर्मावरची टीका मला अनेक ठिकाणी कठोर आणि एकांगी वाटते, पण प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकापुढे आधी मांडण्याची ही रीत सभ्य होती, हे कबूल केले पाहिजे. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी वाद घालत होते. या सगळ्या वादांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. तुमच्या ग्रंथातले चमत्कार खरे, मग आमच्या गोवर्धनाने काय केले? मिशनऱ्यांचे उत्तर ठरलेले असे, की तुमच्या कथा घटनेनंतर पुष्कळ काळाने कवींनी रचल्या आणि आमच्या कथा पाहणाऱ्यांनी लिहिल्या.

हे उत्तर सर्वांत काळजीपूर्वक मांडले ते जॉन म्यूर या कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्याने, आणि तेही संस्कृत श्लोकांत. त्याच्या ‘मतपरीक्षा’ या १८३९ सालच्या पुस्तकात गुरू आणि शिष्य बोलतात. खऱ्या धर्माची तीन लक्षणे गुरू सांगतो. संस्थापकाच्या अंगी चमत्कार करण्याचे सामर्थ्य, ग्रंथाची पवित्रता, आणि तो धर्म सर्व मानवजातीसाठी असणे. पहिले लक्षण शुद्ध ऐतिहासिक पुराव्याचे. म्यूरला हिंदू पंडितांबद्दल आदर होता आणि संस्कृतवर त्याचे प्रेम होते. म्हणूनच पंडितांनी त्याला उत्तर देण्याजोगा मानला.

उत्तरे तीन आली. पहिले सोमनाथ या नावाने, म्हणजे सीहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू यांचे. हे मराठी गृहस्थ. पुराणांतल्या भूगोलापेक्षा सिद्धान्त-ज्योतिष खरे मानणारे, आणि त्यावर मराठीत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ लिहिणारे. त्यांचा सूर सौम्य आहे. ज्याचा जसा अधिकार तसा त्याचा मार्ग, तेव्हा परक्याचा धर्म खोटा ठरवण्याची मुळात गरज काय, अशी त्यांची भूमिका. दुसरे उत्तर कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे, फार तिखट. तिसरे काशीतून, नीळकंठशास्त्री गोऱ्हे नावाच्या जेमतेम विशीतल्या तरुणाचे.

मला या सगळ्या मंडळींत सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस. घराणे चित्पावन, मूळ कोकणातले. वडीलधाऱ्यांनी बांद्याच्या नबाबाच्या पदरी चाकरी केलेली. जन्म १८२५, झाशीजवळच्या खेड्यात, वाढ काशीत. काशीतल्या मिशनऱ्यांना हरवायचे या जिद्दीने त्याने १८४४ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात तो म्यूरच्या तीन लक्षणांच्या पायालाच हात घालतो. धर्माची परीक्षा नुसत्या तर्काने करायची म्हटले तर तर्काला शेवट नाही. एकाच्या तर्काला दुसऱ्याचा तर्क खोडतो. श्रद्धा आधी, आणि तर्क तिच्या सेवेला. शिवाय पूर्वकर्म मानले नाही तर मुक्या जनावरांच्या दुःखाचा जाब तुमचा देव कसा देणार, हा त्याचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

आणि मग १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला याच नीळकंठशास्त्र्याने बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोऱ्हे झाला.

हा फितूर झाला, असे आपल्याकडे म्हटले गेले. मिशनऱ्यांनी हा पुराव्यांचा विजय मानला. दोन्ही निवाडे मला उथळ वाटतात. आक्षेप घेण्यासाठी तो बायबल वाचू लागला आणि वाचता वाचता त्यात गुंतला. पण नव्या धर्मातही शंकांनी त्याची पाठ सोडली नाही, आणि प्रामाणिकपणामुळे त्याने त्या लपवल्या नाहीत. १८७० साली तो धर्मगुरू झाला, पुढे काउली फादर्सच्या संन्यासी मंडळात गेला, पण अखेरची व्रते त्याने कधीच घेतली नाहीत. षड्दर्शनांवरचे त्याचे हिंदी खंडन १८६० साली निघाले आणि त्याचे इंग्रजी भाषांतर दोन वर्षांत झाले. त्यात तर्काची धार तीच आहे. फक्त रोख बदललेला.

आता ज्या लिखाणामुळे मी या विषयात ओढला गेलो, त्याकडे येतो. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या भगिनींच्या मठात राहत होत्या. ख्रिस्ती शिकवणीकडे त्यांचे मन वळले होते, पण बुद्धी अडून बसली होती. शास्त्रे मुखोद्गत असलेली ही बाई कोणाच्या सांगण्यावरून मान डोलावणारी नव्हती. गोऱ्ह्यांनी त्यांच्यासाठी मराठीत एक निबंध लिहून पाठवला. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला काही प्रमाण आहे काय, हाच त्याचा प्रश्न आणि हाच त्याचा विषय. मराठीत, एका कोकणस्थ शास्त्र्याने एका कोकणस्थ विदुषीला लिहिलेला, ख्रिस्ती प्रमाणविचारावरचा हा निबंध. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. त्यात गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा वाटा मोठा होता.

म्हणजे पुराव्याने काम केले, असे म्हणायचे का? इथे रमाबाईंचीच पुढची साक्ष ऐकली पाहिजे. बाप्तिस्म्यानंतर लगेच वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रातून वाद सुरू झाला. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार, एकेका मुद्द्यावर त्या आधार मागत राहिल्या. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली. ती ज्याने वाचली नाहीत त्याला रमाबाई कळल्या नाहीत, असे मी म्हणेन. आणि १९०७ साली आपली साक्ष लिहिताना रमाबाईंनी स्वच्छ सांगितले, की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त पुष्कळ वर्षांनी सापडला. गोऱ्ह्यांच्या प्रमाणांनी त्यांना दारापर्यंत आणले. दाराच्या आत जाणे वेगळ्या मार्गाने झाले.

म्यूरचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, कारण ते सहसा कोणी सांगत नाही. स्कॉटलंडला परतल्यावर त्याने एडिंबरो विद्यापीठात १८६२ साली संस्कृतचे अध्यासन उभे केले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने निनावी छापलेल्या एका पुस्तकात बायबलच्या ईश्वरप्रेरित असण्याबद्दलच्या रूढ समजुतींची चिकित्सा केली. ज्या कसोट्या त्याने पुराणांना लावल्या होत्या, त्या आपल्या ग्रंथालाही लागतात, हे त्याने मान्य केले. एकच पुराव्याची वाट. तिच्यावरून काशीचा शास्त्री चर्चकडे गेला आणि चर्चचा माणूस चिकित्सेकडे आला.

मधल्या काळात पुरावे वाढले, ही गोष्ट खरी. योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसवरचा एक चतकोर तुकडा १९३४ साली ओळखला गेला. तो साधारणपणे दुसऱ्या शतकातला मानतात. १९६१ साली कैसरिया इथे पंतय पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहदंड झाल्याचे रोमन इतिहासकार टॅसिटसने दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले होतेच. पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र इ. स. ५५ च्या आसपासचे, म्हणजे घटनेनंतर पंचवीसएक वर्षांत पुनरुत्थानाची ग्वाही लेखी सापडते. पुराणकथांसारखीच ही कथा फार मागाहून रचली गेली, हा आक्षेप आज टिकत नाही. त्या बाबतीत मिशनरी बरोबर होते आणि त्यांचे हिणवणारे चूक.

पण पिलाताचा दगड पिलाताचीच साक्ष देतो. पौलाचे पत्र इतकेच सांगते की त्या माणसांचा मनापासून विश्वास होता आणि त्यासाठी मरायला ती तयार होती. त्यांनी पाहिले ते ईश्वराचे कृत्य होते, हे ठरवायला इतिहासाकडे साधन नाही. नुसत्या तर्काने धर्म ठरत नाही, हे विशीतल्या नीळकंठशास्त्र्याने काशीत लिहिले होते. फादर गोऱ्हे झाल्यावरही, त्याच्या आयुष्यभरच्या तगमगीवरून पाहता, ते तो विसरला नव्हता. श्रद्धेला पुराव्याच्या कुबड्या द्यायच्या आणि मग त्या कुबड्याच श्रद्धा म्हणून मिरवायच्या, हे आज सगळ्याच धर्मांत चालले आहे. रामसेतू असो की नोहाचे तारू. त्यापेक्षा गोऱ्ह्यांची अस्वस्थता मला कितीतरी श्रेष्ठ वाटते.

गोऱ्हे १८९५ साली मुंबईत वारले. त्यांचे मराठी लेखन आज दुकानात मिळत नाही, आणि मोरभट दांडेकरांचेही नाही. केळशी, आंजर्ले, मुरुड, वेळास या पट्ट्यातल्या जुन्या घरांत पोथ्यांच्या रुमालांत बांधलेली, कसर लागलेली जुनी चोपडी अजून निघतात. दोन्ही बाजूंची, मिशनऱ्यांची आणि त्यांना उत्तर देणाऱ्यांची. तुमच्या घरात असे काही असेल तर ते रद्दीत घालू नका, आणि परधर्माचे म्हणून जाळूही नका. गावच्या ग्रंथालयात, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ते नेऊन द्या.